निवेदन तू कर

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर मला दक्षिण मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत उन्हाळी प्रकल्प मिळाला. आकाशातून म्यूऑन नावाचे कण सतत आपल्या अंगावर पडत असतात. ते मोजायचं यंत्र आम्ही दोघं जुळवत होतो, मी आणि दादरचा एक मुलगा. कण आरपार गेला की आतून चमकणाऱ्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, एकीखाली एक. आकडे मात्र भलतेच जास्त यायचे.

"सॉफ्टवेअरचा घोळ असणार," तो म्हणाला.

मला पटेना. मी खोलीतले दिवे बंद केले, तर आकडा धाडकन उतरला. बाहेरचा उजेड आत शिरत होता! मग मी जमिनीवर बसून टॉर्चने एकेक कड तपासली, काळा कागद नि टेप नव्याने गुंडाळली, तेव्हा कुठे आकडे ठिकाणावर आले. करी रोडला घरी जेवायला बसले तरी बोटांचा चिकटा जायचा नाही.

प्रकल्पाच्या समारोपाआधी आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "सादरीकरण तो करेल. निवेदन तू कर, आवाज छान आहे तुझा. पाहुण्यांना फुलंही तूच दे."

"सर, पण चूक मी शोधली."

"अगं, टीमवर्क असतं हे."

तो मुलगा मोबाइलमध्ये बघत होता. बाहेर आल्यावर मी त्याला धरलं. "बोलला का नाहीस रे?"

"सर चिडले असते ना यार."

त्याचा मला सरांपेक्षा जास्त राग आला. घरी आई म्हणाली, "आवाज चांगलो आसा म्हणतत ना? मगे वापर की तो."

कार्यक्रमात एका पाहुण्यांनी विचारलं, "उजेड आत येत नाही याची खात्री कशी केलीत?" तो अडखळला, "सॉफ्टवेअरमध्ये आम्ही..."

"नाही," मी माइकवरूनच म्हटलं. "मी सांगते." आणि सगळं सांगितलं. पुढचे प्रश्न पाहुण्यांनी मलाच विचारले.

नंतर सरांनी मला केबिनमध्ये झापलं. "पाहुण्यांसमोर उद्धटपणा? पुन्हा इथे पाऊल टाकू नकोस." मी माफी मागितली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो मुलगा तिथे गेला. मी दुसरीकडे दारं ठोठावत राहिले, पण याच विषयात टिकले.

परवा, इतक्या वर्षांनी, एका परिषदेत सर भेटले. चारचौघांत माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही आमची विद्यार्थिनी!"

"सर, तुम्ही मला हाकललं होतंत."

ते मोठ्याने हसले. बाकीचेही हसले. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला.