तिच्यासाठी दिलेली आंबील

आम्ही दोघा नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे ताडपत्रीची घडी. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीन वाळवून पोत्यांत भरलं आणि अंगणातली ताडपत्री दोघांनी दोन बाजूंनी धरली. आमची रीत ठरलेली. मी माझ्या जागी उभा. ती तिच्याकडची टोकं घेऊन चालत माझ्यापर्यंत यायची, माझ्या हातात द्यायची, वाकून मधली घडी उचलायची, मागं जायची, परत यायची. त्या दिवशी ती मधेच थांबली. मी म्हणालो, "ये की लवकर, ऊन चढलं." ती आली. दुपारी तिला घाम सुटला. दवाखान्यात नेताना नांदेडची अर्धी वाटही झाली नव्हती, तोच ती गेली.

मी चौथी शिकलेला, मुखेड तालुक्यातल्या खेड्यातला शेतकरी. लोक काशी-रामेश्वर करून येतात आणि लिहितात. माझा प्रवास मुखेड ते लातूर, एवढाच. पण घर सोडून म्हणून मी जन्मात एकदाच निघालो, तो हा.

निघालो तो वेळ अमावस्येच्या सकाळी. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. त्या दिवशी लातूर भागात आणि आमच्या शिवेकडं सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप (खोपटं) करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे, आणि ज्वारीच्या पिठाची आंबट आंबील, ओल्या दाण्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, खीर तिथंच बसून खायची. वाटेवरच्या माणसालाही हाक मारून जेवू घालायचं. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं, त्या घरानं मात्र सण धरायचा नाही. शेजारी डबे आणून देतात, तेवढं खायचं.

मला ते डबे नको होते. आधीच्या आठवड्यात सून मंगल म्हणाली होती, "मामा, पुजेला न्हाई, पण तुमच्यापुरती आंबील आंबवू का?" मी म्हणालो, "तुझ्या सासूसारखी तुला जमायची न्हाई. कशाला ज्वारी नासतीस?" ती आत गेली. मुलगा बालाजी म्हणाला, तिला असं तोडून बोलू नका. मी म्हणालो, मग मी जातोच, माझं मला बघू द्या. काय बघायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. एवढंच की तिच्यामागं त्या घरात मी कोण, ते मला कळेना झालं होतं. लातुरात एखाद्या आडतीवर राखणदार राहीन, तिथंच झोपीन, कोणाच्या ताटाची वाट बघणार नाही, असं मनात धरलं. पिशवीत धोतर, सदरा आणि आधार कार्ड टाकलं. पंचाहत्तरीवरच्याला एसटी फुकट आहे.

एसटीत कंडक्टर बाई होती, पोरीच्या वयाची. "बाबा, आज लातूरला? आज तिथं चहाबी मिळायचा न्हाई."

"मी काय चहा प्यायला चाललो?"

"घ्या मग तिकीट. फुकटचं हाय, पण जपून ठेवा."

जांब गेलं, शिरूर ताजबंद गेलं, चाकूर गेलं. दोन्ही बाजूंना छातीइतका जोंधळा, मधे करडईचे काटेरी पट्टे, हरभऱ्याला घाटे धरलेले. रानारानात कोप. पाऊलवाटांनी माणसं चाललेली. बायांच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं (मातीचा छोटा घडा), वरून घोंगडं. बापे पुढं, हात हलवत. आमचंही वर्षानुवर्षं असंच. तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

लातुरात उतरलो तर कंडक्टर बाई खरी ठरली. गंजगोलाईच्या बाजारातली एकूण एक दुकानं बंद. आडतीवर कुलपं, रस्त्यावर माणूस नाही. जिथं बैलगाडीला वाट मिळत नसे, तिथं एक कुत्रं मधोमध पाय पसरून झोपलेलं. कोणाला विचारणार, राखणदार पाहिजे का म्हणून? एका दुकानाच्या पायरीवर बसलो. दुपार होत आली तसे पोटात कावळे ओरडू लागले. तिचं दुःख घेऊन निघालो होतो आणि आठवत होती भज्जी. लाज वाटली, पण भूक गेली नाही.

तेवढ्यात एक टेम्पो थांबला. चालवणारा चाळिशीचा, कपाळावर विभूती. शिवराज त्याचं नाव, ते मागाहून कळलं. शेजारी त्याची म्हातारी आई, मागं बायकापोरं. तो म्हणाला, "आजोबा, येळवशीला गावात कोण बसतं? चढा." रीतीपुरतं नको म्हणालो आणि चढलो.

त्यांचं रान चाकूरच्या रस्त्यालाच, फाट्यापासून जवळ. उतरल्या उतरल्या म्हातारीनं विचारलं, "एकलेच? मालकीण कुठं?"

माझ्या तोंडून निघालं, "घरी हाय. गुडघे धरलेत तिचे."

का बोललो? बायको मेली म्हटलं की लोकांचा आवाज बदलतो, ताटात वाढणारा हात सैल सुटतो. ते मला नको होतं. आणि खरं सांगायचं तर, ती घरी आहे असं म्हणताना बरं वाटलं. थाप एवढीशी, पण तिला लगेच फांद्या फुटल्या. कोणता गुडघा, विचारलं. डावा, सांगितलं. एरंडाचं पान बांधलं का? बांधलं. तिचे गुडघे शेवटपर्यंत धडधाकट होते.

मग पूजा झाली. कोपेभोवती आंबील शिंपडत "ओलगे ओलगे" अशी आरोळी देत फिरायचं असतं. तिचा अर्थ कोणी सांगत नाही, कानडीतली आहे म्हणतात. शिवराजनं वाटी माझ्या हातात दिली. "वडीलधारे तुम्हीच. तुम्ही शिंपडा." माझ्या घरात दुखवटा. मी त्यांच्या पांडवांना हात लावायचा नव्हता. पण नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. मी शिंपडली. आरोळीही दिली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

भज्जी तीच, तुरीचे ओले दाणे, वाल, भुईमूग घातलेली. ताडपत्रीवर सगळ्यांबरोबर बसून मी दोनदा मागून घेतली.

निघताना म्हातारीनं एक बिंदगं भरलं, तोंडाला फडकं बांधलं आणि माझ्या पुढं ठेवलं. "तुमच्या मालकिणीला. गुडघ्याला आंबट बरं न्हाई, पण सणाची हाय, घोटभर घे म्हणावं. येत्या वर्षी दोघं या."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी बिंदगं उचललं. शिवराजनं फाट्यावर नेऊन एसटीत बसवलं. राखणदारीचा विषयही निघाला नाही. हातात तिच्या नावाचं भांडं असताना दुसरीकडं जाणार कुठं? आमच्या फाट्यापर्यंत मांडीवर धरून बसलो. प्रत्येक खड्ड्याला आंबील हिंदकळून धोतरावर यायची. शेजारचा म्हणाला, "काका, जपून, कुणाची अमानत हाय वाटतं." मी खिडकीबाहेर बघितलं.

आमच्या फाट्यापासून गाव अर्ध्या कोसावर. आधी बिंदगं हातात धरलं, हात भरून आला. खांद्यावर घेतलं, कलंडलं. शेवटी उपरण्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवलं. तोल मान सांभाळते हे मला ठाऊक नव्हतं. आंबील कानामागून मानेवर, सदऱ्यात ओघळू लागली. रानातून परतणारी माणसं बघत होती. एक म्हातारी पदर तोंडाला लावून हसली. एकजण म्हणाला, "पाटील, आज गंगा उलटी वाहिली का?" मी मान हलवू शकत नव्हतो. ती एवढं ओझं घेऊन माझ्यामागं चालायची आणि मी पुढून म्हणायचो, चल की.

घरी शेजाऱ्यांचे डबे न उघडता ओळीनं ठेवलेले. कोणी जेवलं नव्हतं. मंगलनं दोन्ही हातांनी बिंदगं उतरवून घेतलं. मी सांगितलं, "लातूरकडच्या एका म्हातारीनं दिली. तुझ्या सासूसाठी."

"त्यांना ठाऊक न्हाई?"

"ती घरी हाय म्हणून सांगितलं मी."

बालाजीनं खाली बघितलं. मंगलनं मला अंग पुसायला टॉवेल दिला, ग्लासात आंबील ओतून पुढं केली. मी म्हणालो, "आधी तू पी." तिनं घोट घेतला. "आत्याची अशीच असायची." सासूला ती आत्या म्हणायची.

"येत्या वर्षी तू कर."

"लई आंबट झाली तर?"

"आंबील आंबटच असती," मी म्हणालो. आणि मग, त्या दिवशी बोललो ते चुकलं, हेही म्हणालो. ती भांडी आवरत होती, पण हात थांबले, म्हणजे ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिंदगं धुतलं. भांडं रिकामं परत देऊ नये, म्हणून आमच्या बांधावरच्या तुरीच्या शेंगा भरल्या. एसटीत तीच कंडक्टर. "बाबा, काल पिशवी, आज घडा?" मी म्हणालो, "द्यायचा राहिला."

रानात म्हातारी आणि शिवराज होते. तो कोपेचा कडबा सोडून पेंढ्या बांधत होता. बिंदगं म्हातारीपुढं ठेवून मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मावशी, काल मी खोटं बोललो. माझी घरची दिवाळीच्या आधीच गेली. घरात दुखवटा असताना मी तुमच्या पुजेला हात लावला."

शिवराज थांबला. म्हातारी शेंगा चाचपत राहिली. मग म्हणाली, "आम्ही लिंगायत, आमच्यात सुतक धरत न्हाईत. त्याचं काही न्हाई." आणि एक शेंग सोलून, "पण गेलेल्या बाईचे गुडघे दुखवून तिला घरी बसवलं. हे वंगाळ केलं."

"हाव," मी म्हणालो.

"आंबील कोण प्यालं?"

"सून."

"मग वाया न्हाई गेली." ती उठली. कालची ताडपत्री तशीच पसरलेली होती. तिनं एका बाजूची टोकं उचलली आणि दुसऱ्या बाजूकडं बघत मला नजरेनं खूण केली.

मी टोकं धरली. ती तिच्या जागी उभी राहिली. मी चालत तिच्यापर्यंत गेलो, टोकं तिच्या हातात दिली, वाकून मधली घडी उचलली, आणि मागं गेलो.