लिंबोतली फाईल

सिल्वासात आल्यावर मला एक खोड लागली: न कळलेला शब्द गुजराती समजायचा आणि मान डोलवायची. आमलीच्या कारखान्यात साहेब गुजरातीत बोलायचे, मुकादम हिंदीत, आम्ही शिरपूर-साक्रीकडचे आपसात अहिराणीत. प्रत्येक शब्द विचारत बसलो असतो तर मशीन कोण चालवणार?

त्यामुळे कायम होण्याचं विचारायला पुन्हा ऑफिसात गेलो आणि तिथली बाई म्हणाली, "भाई, तुम्हारी फाईल लिंबो में है," तेव्हाही मी मान डोलवली. लिंबो म्हणजे वरचा कुठला तरी विभाग असणार. कित्येक महिने एका टेबलावर पडलेली फाईल हलली एकदाची. बाहेर आलो आणि माहेरी असलेल्या बायकोला फोन लावला. "फाईल लिंबोमा गई. आते काम व्हयनंच समज."

लग्नाला वर्ष होत आलं होतं. कायम झालो की खोली घ्यायची आणि तिला आणायचं, हे मीच ठरवलेलं. फोन आला त्याच दिवशी तिनं भांडी पोत्यात भरली आणि गल्लीभर सांगून आली.

माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. आठवडा गेला, पत्र नाही. मशीनवर दोनदा हात चुकला. शेवटी डोकमर्डीत आमच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरांना विचारलं. ते चिपळूणकडचे, शाळेत इंग्रजी शिकवायचे.

"अहो, गुजराती कसला, इंग्रजी शब्द आहे तो," ते म्हणाले. "अधांतरी. आतही नाही, बाहेरही नाही. फाइलीलाही म्हणतात, माणसालाही. मूळ अर्थ मेल्यानंतरच्या एका जागेचा. स्वर्ग नाही, नरकही नाही."

त्यांना आणखी वाक्यं करून दाखवायची होती. मला तिथं उभं राहवेना. स्वतःची लाज वाटत होती आणि त्या बाईचा रागही येत होता, सरळ 'अजून काही नाही' म्हणायला काय झालं होतं.

रविवारी दुपारी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल.

"गल्लीन्या बाया रोज इचारतस, कवय जाशी," ती म्हणाली. "भांडा पोतामाच शेतस."

"जराशी कळ काढ. पहिले कंपनीले माले कायम तं करू दे."

"तुमले कंपनी कायम करी कवय तरी," ती म्हणाली. "माले तुमी कवय करशात?"