आबांचं मत आणि माझ्या नवऱ्याचा कोट

लग्नात माझ्या वडिलांनी जावयाला एक कोट शिवला होता. बिस्किटी रंग, वर मोठ्या तपकिरी चौकटी आणि छातीच्या खिशातून डोकावणारं लाल रुमालाचं टोक. हे टोक खिशालाच शिवलेलं होतं, म्हणजे हरवायची भीती नको. बारामतीत भिगवण चौकाजवळच्या शिंप्याकडे वडिलांनी त्यासाठी तीन खेपा घातल्या होत्या. आमच्या ह्यांनी तो लग्नात घातला, एकदा कुणाच्या साखरपुड्याला घातला आणि मग तो ट्रंकेत डांबरगोळ्यांच्या संगतीत पडून राहिला. पुढे त्या कोटानं आमच्या गावच्या मतदानात जो गोंधळ घातला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. कोट माझ्या माहेरचा, तेव्हा सांगायचा हक्कही माझाच.

माझं माहेर जळोची. सासर बारामती-इंदापूर रस्त्यापासून आत, फाट्यावर उतरून अर्धा तास चाललं की येतं. घरं पूर्वी मेंढरं राखणाऱ्यांची. पाटाचं पाणी आलं तशी बरीचशी माणसं शेतीला लागली, काही कारखान्यावर गेली. मी बारावी झालेली, म्हणून लग्नानंतर वर्षभरात मला गावच्या अंगणवाडीत नेमलं. नव्वद सालानंतरची चारपाच वर्षं उलटली असतील, तेव्हा गावात बातमी आली की आता मत द्यायचं तर फोटोचं ओळखपत्र लागणार. लागणारच, की लागलं तर बरं, की कोर्टात काहीतरी अडकलंय, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. धड ठाऊक नसलं की आमच्या गावात चर्चा फार चांगली होते.

चर्चेची जागा म्हणजे दूध डेअरी. सकाळी किटल्या घेऊन सगळे रांगेत उभे, आणि दुधाची फॅट मोजून होईपर्यंत तोंडाला दुसरं काम नाही. एका बाजूला तात्या. तात्या म्हणजे आमच्या भावकीतले पन्नाशीचे कार्यकर्ते, कायम कडक इस्त्रीच्या कपड्यांत, दर निवडणुकीला केंद्रात पक्षाचे एजंट म्हणून बसणारे. ते कार्डाच्या ठार विरोधात होते.

"आपल्या गावात कोण कुणाला वळखत न्हाय? ह्या आबास्नी मी जन्मल्यापासनं वळखतो. मग ह्यास्नी सरकारचा कागुद कशाला पायजे?"

"तू वळखतोस म्हणूनच पायजे," आबा म्हणायचे.

आबा माझे चुलत सासरे. सत्तरीचे, उंच, डोक्याला लाल मुंडासं. सगळ्या गावात कार्डाच्या बाजूनं बोलणारा हा एकच माणूस, आणि त्याला कारण होतं. आबांनी आयुष्यात एकदाही मत दिलं नव्हतं. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे ते पावसाच्या तोंडाशी परत. निवडणूक नेमकी मधल्या काळात यायची. परत आले की कळायचं, त्यांचं मत पडलंय. तात्या असताना कुणाचंही मत वाया जात नसे. एकदा मात्र निवडणूक उन्हाळ्याच्या शेवटी आली. आबा कळप लेकाच्या हवाली करून घाट चढून गावात आले आणि पायांवरची धूळही न झटकता केंद्रात शिरले, तर यादीत त्यांच्या नावापुढे खूण झालेली. साहेब म्हणाला, आजोबा, तुम्ही सकाळीच येऊन गेलात. हे सांगताना आबा हसायचे, पण ते हसणं मला बघवत नसे. आता मेंढरं विकली होती, गुडघे गेले होते, आबा बारा महिने घरी होते. एकदा तरी आपल्या हातानं शिक्का मारायचा, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

डेअरीतल्या चर्चेला मात्र कसला धरबंध नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "कर्जाच्या म्हशीच्या कानाला इम्याचा बिल्ला मारत्यात, तसलंच हे."

"बिल्ल्याची म्हस चोरीला गेली तर घावती तरी," आबा म्हणाले.

"आणि मेली म्हंजी बिल्ल्यासकट कान कापून न्यावा लागतोय हापिसात," मागून एकजण म्हणाला. "माणूस मेल्यावर काय कापून न्यायचं?"

यावर तात्यांनी गंभीरपणे खुलासा केला की आपल्या गावात मेलेलं माणूससुद्धा मतदान चुकवत न्हाय, तवा तो प्रश्नच न्हाय. ते हे अभिमानानं म्हणाले. मी किटली ठेवून हसायला बाजूला गेले, कारण सुनेनं डेअरीत खिदळायचं नसतं.

मग एक दिवस फोटोवाल्याची गाडी आली. जागा माझी अंगणवाडी. भिंतीवर माझीच चादर, छातीशी धरायला पोरांच्या पाट्या, त्यावर खडूनं नंबर. आमचे हे पहिल्या नंबरात बसणार म्हणून सकाळपासून आरशासमोर. सरकार फोटो काढतंय म्हटल्यावर साधा सदरा कसा चालेल? ट्रंक उघडली आणि कोट बाहेर आला.

ह्यांचा फोटो झाला. मागे उभा दीर म्हणाला, दादा, जरा देतोस का, दोनच मिनिटं. दिला. दिराच्या मागे त्याचा मेहुणा. त्याच्या मागे डेअरीचा सेक्रेटरी. फोटो छातीपर्यंतच निघतो ही बातमी रांगेत पोचली आणि मग काय, खाली धोतर, लुंगी, अर्धी चड्डी, काहीही असो, वर माझ्या बापाचा कोट. ज्याला तो बसेना त्यानं नुसता पुढून अडकवला आणि पाठीमागे दुसऱ्यानं धरून ठेवला. एका पैलवानानं तिसरं बटण उडवलं, ते अजून सापडलेलं नाही. मी ह्यांना डोळ्यांनी दटावत होते, पण गावात भाव मिळाला म्हणून हे छाती फुगवून उभे. बायकांत त्याच वेळी एक नथ फिरत होती, पण ती माझी नव्हती, म्हणून त्यावर मी बोलणार नाही.

दुपारी आबा आले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, मलाबी मिळंल का गं त्यो?"

त्यांना मी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. पैरणीवर कोट चढवून ते पाटी धरून असे ताठ बसले की फोटोवाल्याला श्वास घ्या म्हणून सांगावं लागलं. सबंध दिवसात कोट घडी घालून परत देणारे तेवढे एकटेच. संध्याकाळी तो माझ्या हाती आला तेव्हा त्याला तेलाचा, तंबाखूचा, दुधाचा आणि अख्ख्या गावाच्या काखेचा वास येत होता. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

काही महिन्यांनी कार्डं आली. एकाचं वय त्याच्या आईपेक्षा जास्त छापलं होतं, एका बाईच्या कार्डावर दाढीवाला आला होता. आबांचं मात्र अगदी बिनचूक. त्यांनी ते देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. मी म्हटलं, आबा, ते पेटीत ठेवा. तर म्हणाले, सरकारनं आमाला वळखलं, ते काय पेटीत टाकायचं? रोज पूजा करताना देवाला भंडारा वाहिला की ते चिमूटभर कार्डालाही लावायचे. कार्डाच्या प्लास्टिकला एका बाजूनं चीर होती. तिच्यातून रोजची हळद आत जात राहिली, आबा रोज अंगठ्यानं ती वर दाबत राहिले, आणि हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ध्यानात आलं ते थेट मतदानाच्या दिवशी.

मतदान माझ्याच अंगणवाडीत, आणि बायकांना रांगेत लावायची ड्यूटी माझी. केंद्रप्रमुख म्हणून पुण्याकडचे एक साहेब आले होते. सडपातळ, सज्जन, नियमांच्या वहीतून डोळे न काढणारे. मतदान सुरू होऊन तासभर झाला नसेल, तर ते मान वर करून मला म्हणाले, "बाई, हा माणूस सकाळपासून कितीदा येतोय?"

"कोण माणूस?"

"हा, कार्डावरचा, चौकटीच्या कोटाचा." आणि त्यांनी शेजारच्या क्लार्कला सांगितलं की पुढच्या कोटवाल्याला थांबवा.

पुढचा कोटवाला म्हणजे आबा.

ते सकाळी अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून, धुतलेलं मुंडासं बांधून आले होते. कार्ड फडक्यात गुंडाळलेलं. साहेबांनी फडकं सोडलं आणि कार्ड उजेडात धरलं. खाली कोट होता, चौकटी, लाल रुमालाचं टोक, सगळं झकास. वर गळ्यापासून मुंडाशापर्यंत नुसती हळद. चेहरा कुठेच नाही.

"आजोबा, यात तुम्ही कुठं आहात?"

"आतमंदी हाय की," आबा म्हणाले. "देवाच्या भंडाऱ्याखाली."

दुसऱ्या पक्षाचा एजंट इंदापूरकडून आलेला तरुण होता. त्यानं लगेच हरकत घेतली, ओळख पटत नाही म्हणाला. साहेबांनी मला विचारलं, हा कोट कुणाचा?

"माझा," मी म्हटलं.

साहेबांनी माझ्या नऊवारीकडे एकवार पाहिलं आणि वही मिटली. मी घाईघाईनं सांगितलं की साहेब, हे आमचे आबाच आहेत, मी सून त्यांची. ते म्हणाले, तुम्ही घरच्या, शिवाय ड्यूटीवर, तुमचं चालणार नाही. केंद्रात दुसरं कोण ओळखतं यांना?

बाकावर तात्या बसले होते.

आबांनी तात्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हात टेबलावर टेकवून ते तसेच उभे राहिले. दारापर्यंत पोचून हा माणूस परत फिरणार, आणि तेही हळदीपायी. तात्या गप्प राहिले असते तर त्यांचं काही बिघडणार नव्हतं.

पण तात्या उठले. "साहेब, हे आबाच हायत."

"खात्रीनं?"

"खात्रीनं म्हंजी काय? गेल्या तीन बारीला ह्यांचं मत मीच घातलंय."

इंदापूरच्या तरुणाचा पेन हातातच राहिला. आपण काय बोललो हे तात्यांच्या तोंडावर सावकाश उतरत गेलं, आधी कान लाल झाले, मग मान. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही फक्त 'ओळखतो' एवढंच म्हणा. पुढचं मी ऐकलेलं नाही."

"वळखतो," तात्या म्हणाले आणि मटकन खाली बसले.

आबांच्या बोटाला शाई लावली. मतपत्रिका आणि शिक्का घेऊन ते पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेले, आणि बाहेर येईनात. रांग चुळबुळायला लागली. साहेबांनी दोनदा हाक मारली, आजोबा, झालं का?

"थांब की सायेब," आतून आवाज आला. "समदी चिन्हं बघू तर दे."

बऱ्याच वेळानं आले. घडी नीट घातलेली. पेटीत टाकली आणि पेटीवर हलकेच थापटलं, मेंढराच्या पाठीवर थापटावं तसं. मला रडू आलं, आणि साहेब बघत होते म्हणून मी बायकांवर उगाच ओरडले, रांग सरळ करा म्हणून.

दुपारी तात्या आपल्या जागी दुसऱ्याला बसवून चहाला बाहेर आले. आबा लिंबाखाली बसून होते, घरी जायचं नावच नव्हतं. मी पाण्याची घागर भरायला तिथेच. तात्या दोन कप घेऊन आबांशेजारी टेकले, इकडचं तिकडचं बोलले, आणि शेवटी न राहवून, सवयीनंच, विचारलं.

"आबा, शिक्का कुणाला मारला?"

आबांनी चहा खाली ठेवला. "तीन बारी तू माझं मत घातलंस. मी कवा इचारलं का रं तुला, कुणाला दिलंस म्हणून?"

तात्या म्हणाले, आणि ते खरंच बोलत होते, "आता इचारलं तरी मला सांगता यायचं न्हाय, आबा. कितीजणांची घातली. कुणाचं कुणाला, काय ध्यानात ऱ्हातंय?"

"व्हय," आबा म्हणाले. "माझं माझ्या ध्यानात ऱ्हाईल."