पाळी गेल्यावर बाहेर बसले तेव्हा

नालवाडीत, आमच्या घरी, एका थंडीच्या सकाळी मला परत पाळी आली... म्हणजे मला तसं वाटलं. २००२ सालची गोष्ट. माझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि आता हे सुनेला सांगायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण नियम म्हणजे नियम. पुढे किराणा दुकान, मागे घर, आणि त्या घरात पाळीतल्या बाईने चार दिवस मागच्या खोलीत बसायचं, हा कायदा मीच चालवत होते. आमची सून वर्षा लग्न होऊन आली तेव्हा मीच तिला उंबऱ्याबाहेरून ताट सरकवलं होतं. आता ती मला सरकवत होती... आणि गालातल्या गालात हसत होती, मी पाहिलं बरं का!

खरं सांगू? मला ते चार दिवस फार आवडले. खिडकीतून ऊन अंथरुणावर यायचं, हळूहळू पायांवरून सरकत भिंतीवर चढायचं. दुकानातल्या तराजूचा आवाज, आमच्या ह्यांची गिऱ्हाइकांशी चाललेली घासाघीस... सगळं इतक्या दुरून यायचं की ते घर दुसऱ्याच कुणाचं वाटायचं. मी डोळे मिटायचे, उघडायचे, परत मिटायचे. तीस वर्षांच्या संसारात इतकी रिकामी मी कधी नव्हते.

पंधरा दिवसांनी परत तेच. मी निमूटपणे, खरं तर थोड्या खुशीतच, गोधडी उचलून मागे गेले.

दुसऱ्या दिवशी वर्षा ताट घेऊन आली ती थेट आत, आणि माझ्या अंथरुणावरच बसली.

"काऊन वं, शिवली ना मले! जाय, आंघोळ कर आता," मी ओरडले.

"करीन मंग. आदी सांगा, तुमी दोन दिसांपासून बसून राह्यल्या, पन धुवाले एक बी कपडा नाई. डाग लागते तरी का?"

डाग लागतच नव्हता. लघवीला गेलं की लाल दिसायचं, बस्. दुखत-खुपत काही नव्हतं, म्हणून मी विचारच केला नव्हता.

"मंग हे पाळी नोहे, आई. लघवीतून रक्त येऊन राह्यलं. साडी बदला, दवाखान्यात चाला."

तिच्या माहेरी, हिंगणीला, वडिलांना मुतखडा झाला होता, त्यामुळे तिला हे ठाऊक होतं. मी म्हटलं, खडा तर खडा. पण सोनोग्राफीत खडा निघालाच नाही. मूत्राशयात बोराएवढी गाठ होती.

डॉक्टर फटकळ होते. कॅन्सर असू शकतो म्हणाले. दुर्बिणीतून गाठ काढायची आणि तपासायला पाठवायची. वरवरची असली तर निभावलं... पण खाली स्नायूत उतरली असली तर मूत्राशयच काढायचं आणि लघवीसाठी जन्मभर पोटाला पिशवी.

ते बोलत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या पेपरवेटमधले रंगीत बुडबुडे बघत होते.  घरी आल्यावर मात्र मी फार घाबरले... मरणाला कमी, त्या पिशवीला जास्त.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत सुई दिली आणि थोड्याच वेळात पाय गेले. म्हणजे होते, पण माझे नव्हते. छातीसमोर हिरवा पडदा, आणि पलीकडे कुठेतरी पाणी पडत होतं. गाठ नीट दिसावी म्हणून ते आत पाणी सोडतात, हे मला नंतर कळलं.

लग्नाआधी एकदा आम्ही मैत्रिणी बोर धरणावर गेलो होतो, पाण्यात पाय सोडून बसलो होतो. मला वाटलं, माझे पाय तिथेच राहिलेत... मी उठून आले आणि ते आणायचं विसरले. सिस्टरने विचारलं, झोप येते का? मी म्हटलं, पाणी गार आहे.

नंतर तीन दिवस लघवीसाठी नळी होती. वर्षा माझ्याजवळ स्टुलावर बसून असायची, नळीची पिशवी तीच रिकामी करायची. दुसऱ्या दिवशी तिची पाळी आली, बाईला बाईच्या चालण्यावरून कळतं. तिने चहाचा कप पुढे केला आणि मी तो घेतला. 

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. आमचे हे आणि मुलगा संजू, दोघे पेढे घेऊनच घरात शिरले.

"साधी गाठ होती, आई. काहीच नाई निंघालं," संजू म्हणाला. हे मान डोलवत होते. पण दोघांपैकी एकही माझ्याकडे बघत नव्हता.

मी वर्षाकडे पाहिलं. ती पोळ्या लाटत होती, तिचे हात थांबले.

"कॅन्सरच होता, आई," ती म्हणाली. "पन वरवरचा. खाली नाई गेलता. सगळा निंघाला."

संजू तिच्यावर खेकसला; दुकानातच तिला खरं सांगून त्याने गप्प राहायला बजावलं होतं. मी म्हटलं, "चूप राय रे तू."

तिने 'होता' हे खरं सांगितलं, म्हणून 'निंघाला' यावर माझा विश्वास बसला. नाहीतर मी त्या पेढ्यांच्या गोडीत जन्मभर काहीतरी कडू शोधत राहिले असते. मी पेढा खाल्ला, आणखी एक खाल्ला, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडले.

पुढे कितीतरी तपासण्या झाल्या. एकदा परत एक छोटी गाठ निघाली, तीही काढली. आजही डॉक्टरकडून आले की घरातले सगळे मला धीर देतात, बिचारे प्रेमानेच देतात... मी मात्र वर्षाच्या तोंडून ऐकेपर्यंत थांबते, आणि मगच जेवायला बसते.