न दुखणारे बूट

"निघाला," पेंढारकर काका म्हणाले.

पाय निघाला नव्हता. उजवा बूट पेडलमध्ये घट्ट बसलेला होता आणि काका समोरच्या भिंतीकडे बघत समाधानाने हसत होते. सायकल ट्रेनरवर, म्हणजे मागचं चाक धरून ठेवणाऱ्या लोखंडी स्टँडवर लावलेली होती, म्हणून निभावलं. रस्त्यावर असते तर पुढच्या क्षणी आडवे झाले असते.

"काका, खाली बघा."

त्यांनी खाली बघितलं. टाच बाहेर वळवली, खट् आवाज झाला, बूट सुटला. "हां, आता निघाला," ते म्हणाले. विशेष काही घडलंच नाही अशा थाटात.

मी बेंगळुरूला जयनगरमधल्या एका सायकलच्या दुकानात बाइक फिटर आहे. लग्नकार्यात नातेवाईकांना हे काम समजावून सांगता सांगता माझं जेवण गार होतं. सायकल माणसाच्या मापाची करून देणं, एवढंच ते आहे. सीट किती वर, हँडल किती लांब, पाय पेडलवर नेमका कुठे. पूर्वी मी फिजिओथेरपिस्ट होते. लोकांचे दुखरे गुडघे चोळून कंटाळले आणि ते दुखूच नयेत अशा बाजूला आले. आमचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे माझ्या मराठीत कन्नड शिरलेलं आहे. काका मूळचे सांगलीचे. एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, आता निवृत्त, राहायला बसवनगुडीत. दुकानात मराठी बोलणारं कुणी भेटलं याचा त्यांना इतका आनंद झाला की पहिल्या पाच मिनिटांत "सर नको, काका म्हण" असा हुकूम सुटला.

ते आले होते पडण्याची तक्रार घेऊन. सिग्नलला थांबताना पाय पेडलमधून सुटत नाही आणि आपण उभ्या उभ्या कोसळतो, असं दोनदा झालं होतं. यात नवल काही नव्हतं. या पेडलना क्लिपलेस म्हणतात. पूर्वी पेडलला पुढे पिंजरा आणि पट्टा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. नव्या प्रकारात तो गेला, म्हणून क्लिपलेस. प्रत्यक्षात पाय पहिल्यापेक्षा जास्त अडकतो. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा एक तुकडा स्क्रूने बसवलेला असतो, तो पेडलच्या खाचेत बसतो. सोडवायचा तर टाच बाहेर फिरवायची. नवखा माणूस ऐन वेळी पाय वर ओढतो आणि पडतो. सगळे पडतात, मीही पडले आहे, तेही भर बाजारात भाजीवाल्यासमोर.

म्हणून मी आधी नेहमीचे उपाय केले. पेडलच्या स्प्रिंगचा ताण कमी केला. क्लीट थोडं मागे घेतलं. मग नेहमीची परीक्षा घेतली: समोर बघत पाय सोडवायचा. रस्त्यावर नजर समोरच हवी. पाय सुटला हे पायालाच कळायला हवं.

ते त्यांच्या पायाला कळत नव्हतं.

"बूट काढा बघू काका. स्वल्प आतून बघते."

"बूट एकदम परफेक्ट आहेत गं. कुठे काही लागत नाही, टोचत नाही."

बूट त्यांनी स्वतः ऑनलाइन निवडलेले होते. कार्बनचा कडक तळ, अरुंद, रेसवाल्यांचे असतात तसले. कडक तळाने जोर वाया जात नाही हे खरं, पण चूक झाली तर तो तळ काही दयामाया दाखवत नाही. माप त्यांनी व्हर्नियर कॅलिपरने घेतलं होतं. कारखान्यात मशीनच्या भागांचं माप ज्याने घेतात, त्याच हत्याराने. सकाळी, अनवाणी, खुर्चीवर बसून.

"बसून का घेतलं?" मी विचारलं होतं. "उभं राहिलं की पाऊल पसरतं. संध्याकाळपर्यंत थोडं सुजतं. तासभर सायकल चालवली की आणखी. बूट नेहमी संध्याकाळी, मोजे घालून, उभं राहून बघायचे."

"उभा राहून व्हर्नियर कसा लावणार? वाकलो की वाचन चुकतं."

तेव्हा मी हसले होते. अशी चूक फक्त इंजिनियरच करू शकतो असं मनात आलं होतं.

बूट निघाला. आत हात घातला तर पुढे बोटांच्या जागी काहीतरी लागलं. बाहेर काढलं. सिलिका जेलची पुडी होती. नव्या बुटात ओल धरू नये म्हणून टाकतात ती. दाबून दाबून सपाट झालेली, एका कडेने फाटलेली, आणि त्या कडेला तपकिरी डाग. मोज्यावरही तसाच डाग होता.

काका पुडीकडे बघत राहिले. "ही कुठून आली?"

"हे बूट कधीपासून वापरताय?"

"झाले की तीन-चार शनिवार. कनकपुरा रोडला जातो ना आम्ही."

बुटात एवढासा खडा आला तरी माणूस शंभर पावलांत थांबून बूट झटकतो. हे गृहस्थ बोटाखाली पुडी घेऊन अख्खे शनिवार पेडल मारून आले होते.

मोजा काढला. दुसऱ्या बोटाच्या खाली फोड फुटून जखम झाली होती. कडा पांढऱ्या पडलेल्या. मी मुद्दाम जखमेच्या जवळ दाबलं. त्यांचा चेहरा हलला नाही.

"काका, डोळे मिटा. मी कुठे हात लावते ते सांगा."

"कशाला?"

"मिटा तर."

जुन्या धंद्यातली ही साधी तपासणी आहे. कापसाचा बोळा पावलाला ठिकठिकाणी लावायचा. मग अंगठा हळूच वर किंवा खाली करायचा आणि विचारायचं, आता कुठे आहे? काकांनी उत्तरं दिली, परीक्षेत आठवत नसताना मुलं देतात तशी, ठामपणे. काही बरोबर आली. अंदाजाने जेवढी यायची तेवढीच.

"शुगर आहे का?"

त्यांनी डोळे उघडले. "आहे. बरीच वर्षं. गोळ्या चालू आहेत." मग हळू आवाजात, "पायांचं गेल्या वर्षापासून. चप्पल निसटते आणि कळत नाही. घरात काकूला सांगितलेलं नाही."

आणि मग मला तो व्हर्नियर कळला. बूट बसतोय की नाही हे बाकीचे लोक पायाला विचारतात. त्यांच्या पायाने उत्तर देणं बंद केलं होतं, म्हणून त्यांनी हत्याराला विचारलं. मी तेव्हा हसायला नको होतं.

"काका, हे बूट आजपासून बंद. पेडलही. साधे फ्लॅट पेडल बसवून देते, पाय नुसता ठेवायचा, कधीही उचलायचा. रुंद, मऊ बूट. पण तेही नंतर. आधी डॉक्टर. आजच."

"फ्लॅट?" मी त्यांना तीनचाकी सायकल दाखवल्यासारखा चेहरा त्यांनी केला. "अगं, ग्रुपमध्ये सगळे क्लिपलेसवर आहेत. जानेवारीत बेळगावला जायचंय. मी फ्लॅटवर दिसलो की हेगडे पहिल्यांदा विचारेल, का रे? काय सांगू?"

"खरं ते सांगा."

"खरं सांगितलं की संपलं. मग काळजी सुरू होते. पेंढारकर, तू मागे राहा. पेंढारकर, तू गाडीत बस. घरी दिवसभर तेच चालतं. काय खाल्लं, किती चाललात, गोळी घेतली का. शनिवारी सकाळी सायकलवर असतो तेवढा वेळ मला कुणी पेशंट म्हणून बघत नाही. तू एक कर, ती स्प्रिंग आणखी ढिली कर. पाय आपोआप निघेल अशी. बेळगावपुरतं."

"नाही करणार."

"ग्राहक मी आहे ना?"

"जखम तुमची आहे ना?"

आवाज चढले असावेत, कारण दुकानाचे मालक मंजुनाथ काउंटरवरून आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालतं, इथे मराठीत देते.

"काय भानगड आहे? दोन मिनिटांचं काम, स्प्रिंग ढिली करून दे."

"अण्णा, त्यांच्या पायाला काही कळत नाही. आधीच जखम आहे."

"तू आता फिटर आहेस. डॉक्टर नाहीस, आणि पूर्वीही नव्हतीस."

"म्हणूनच डॉक्टरकडे पाठवतेय."

मंजुनाथ काकांकडे गेले. त्यांनी जमिनीवरचा मोजा बघितला, तो पाय बघितला. त्यांचे वडील शुगरनेच गेले, हे मला नंतर कळलं. त्या वेळी ते एवढंच म्हणाले, हिंदीत, "सर, पहले डॉक्टर. आपका साइकिल इधर रहेगा. वापस आओ, फिर बैठके बात करेंगे."

काका उठले. सायकल मात्र ठेवली नाही. बूट पिशवीत घातले, घरून आणलेल्या चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडताना मला म्हणाले, "काकूचा नंबर शोधू नकोस हं." उंबऱ्याशी त्यांनी आपला पाय नीट बघून मग उचलला.

तीन दिवसांनी मी फोन केला.

"गेलात का?"

"हो हो, जाऊन आलो. ड्रेसिंग केलंय. बरं होतंय."

"बूट?"

"माळ्यावर टाकले."

आवाज इतका मोकळा होता की मी विश्वास ठेवला. सरी, ठीक झालं, म्हटलं, सुटले. पुढच्या गिऱ्हाइकांच्या गडबडीत विसरूनही गेले.

डिसेंबरात हेगडे दुकानात आले. त्या शनिवारच्या ग्रुपचे हे प्रमुख. काकांचेच कारखान्यातले सहकारी, धिप्पाड, मोठ्या आवाजाचे. ग्रुपमधल्या कुणाच्या तरी चेनसाठी आले होते. मी सहज काकांची चौकशी केली.

"तुम्हाला माहीत नाही? पेंढारकरचं बोट काढलं. जखम हाडापर्यंत गेली होती. ताप आला तेव्हा घरच्यांना समजलं."

डॉक्टरकडे काका गेलेच नव्हते, हे हेगडेंकडून कळलं. घरीच औषधाची पट्टी लावून, वर मोजा चढवून, तेच बूट घालून शनिवार गाठत राहिले. सिग्नल आला की खाली बघून पाय सोडवायचे. एकदा बघायच्या नादात उभ्या रिक्षेला धडकले, तर 'ब्रेक लागला नाही' म्हणून सांगितलं. दुकानात सगळं स्पष्ट झालं होतं, फोनवर मी विचारलं होतं, तरी या माणसाने मलाही गुंडाळलं. मला राग आला. बोट गमावलेल्या म्हाताऱ्या माणसाचा राग यावा याची लाज वाटली, पण आला. एक बोट जायला नको होतं. मंजुनाथ अण्णांनी सायकल ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, मी फ्लॅट पेडल बसवून द्यायला तयार होते.

"एक शब्द बोलला नाही हो," हेगडे म्हणाले. ते कन्नडमध्येच बोलत होते. "इतकी वर्षं एका डिपार्टमेंटमध्ये काढली. बोलला असता तर आम्ही काय हाकलून दिलं असतं? सावकाश गेलो असतो. बेळगावला काय आग लागली होती का? आता डॉक्टर म्हणतात, रस्त्यावर सायकल बंद. सायकल विकायला काढली आहे त्याने. आम्ही भेटायला गेलो तर टीव्हीचा आवाज मोठा करून बसला."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी चेन बांधून दिली. हेगडे ती घेऊन दारापर्यंत गेले, बाहेर फुटपाथवर बघितलं आणि परत आले.

"ते तुम्ही कापसाने बघता म्हणे. हॉस्पिटलात असताना पेंढारकर सांगत होता."

"हो."

"किती वेळ लागतो?"

मी आतल्या खोलीत नेलं. त्यांनी खुर्चीत बसून बूट काढले. डोळे मिटायला सांगितलं तेव्हा हा धिप्पाड माणूस खुर्चीच्या हातांना धरून बसला. डाव्या पायाच्या तीन बोटांना कापूस लावला, तिन्ही त्यांनी चुकवली. डोळे उघडल्यावर माझ्याकडे न बघता विचारलं, "फ्लॅट पेडलमध्ये जरा रेसिंगचे दिसणारे येतात का?"

"येतात. पण आधी डॉक्टर."

"जातो. आजच जातो." ते खरंच गेले. या बाबतीत त्यांनी मित्राकडून शिकायचं ते शिकून घेतलं होतं. निघताना मात्र आवाज खाली आणून म्हणाले, "ग्रुपमध्ये बोलू नका हं. उगीच सगळे काळजी करत बसतात."

त्या महिन्यात त्या ग्रुपमधले आणखी दोघे आले, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळी कारणं काढून. एकाला सीट बघायची होती, एकाला टायर. दोघांनी शेवटी बूट काढले. एकाचे पाय ठीक होते, एकाचे नव्हते. दोघांनीही जाताना तेच सांगितलं. एकाचं दुसऱ्याला सांगणं माझ्या कामात बसत नाही, त्यामुळे मी कुणालाच काही सांगितलं नाही. जानेवारीत ते बेळगावला गेले. निम्म्यांच्या, म्हणजे माझ्याकडे न आलेल्या काहींच्याही, सायकलींना फ्लॅट पेडल होते आणि प्रत्येकाने बाकीच्यांना म्हणे एकच कारण सांगितलं होतं: गुडघा.

धंद्यातला धडा एवढाच. बूट चावतोय, पाय सुन्न होतोय, क्लीट टोचतंय, अशी कुरकुर करणारं गिऱ्हाईक आलं की मी चहा मागवते आणि निवांत कामाला लागते. त्याचं काम होणार. "कुठे काही लागत नाही" म्हणणारा आला की आधी दार लोटून घेते आणि कापूस काढते.