फाटलेला वर्ख

मंडालेच्या वर्ख कुटणाऱ्यांच्या आळीत ऊ फो च्वे यांच्याइतका शुचिर्भूत हात दुसरा नव्हता. पाण्यात सच्छिद्र करवंटी तरंगत ठेवावी आणि ती ठरल्या वेळा बुडेपर्यंत घण घालावा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. जपानी फौज आली आणि त्या हातांना नोटांचा विटाळ झाला. नोटांवर मंदिराचे चित्र, पण अनुक्रमांकाचा पत्ता नाही. शाईचा उग्र दर्प बोटांना चिकटून राही. टोपलीभर नोटांना टोपलीभर कांदे मिळेनात.

शेजारच्या डो म्या यीन यांचा मुलगा फौजेच्या रेल्वेवर वेठीस राबताना मेला होता. आपली कर्णफुले वितळवून त्यांनी सोने आणले. उद्याच्या पौर्णिमेस मुलाच्या नावाने देवळातल्या महामुनी बुद्धांच्या मूर्तीस ते वर्ख करून वाहायचे होते. स्त्रियांना मूर्तीपाशी जाता येत नाही. म्हणून वर्ख ऊ फो च्वेच लावणार होते.

घणाचा नाद मात्र लपत नाही. त्याच्या मागावर फौजेचा खरेदीदार को टिन पायताणांसकट आत येऊन बसला.

“काका, आवाज ऐकून जीव सुखावला! फौजेला सोनं हवंय. ह्या घ्या, कोऱ्या करकरीत.”

“हे सोनं माझं नाही, बाबा.”

“आता इथे कुणाचं काय आहे? नोटा नाकारणाऱ्याला कुठे नेतात, ठाऊक आहे ना?”

“वेळ भरू दे. अर्धवट कुटलेला वर्ख सुटत नाही.”

“भरू दे की. मी कुठे पळतोय?”

वेळ भरली. ऊ फो च्वेंनी करवंटी उपसून पुन्हा पाण्यावर सोडली. आणखी तीनदा सोडली, घण चालूच ठेवला. जास्त कुटलेला वर्ख फाटून त्याची धूळ होते, हे को टिनला काय कळणार! अखेर घणाखालचा कागदांचा पुडा उघडला, तेव्हा बांबूच्या कागदांना परागासारखी पिवळी धूळ तेवढी चिकटली होती.

“ही काय हळद विकताय?”

“हात म्हातारा झाला.”

को टिन जमिनीवर थुंकला आणि नोटा उचलून चालता झाला.

ऊ फो च्वेंनी एकेक कागद गोळा केला. देवाचे द्रव्य या हातांनी आज प्रथमच जाणूनबुजून नासवले होते. मग मुशीत ते कागद जाळून, राख आटवून, त्यांनी मुगाएवढा मणी काढला. हे मात्र को टिनला ठाऊक नव्हते.

“पुन्हा कुटला तर को टिन पुन्हा येईल, आक्का,” ते डो म्या यीन यांना म्हणाले.

“मग मणीच न्या. पोराचं नाव तेवढं नीट सांगा.”

पौर्णिमेच्या प्रभाती, मूर्तीवरच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुवर्णथरात त्यांनी तो मणी अंगठ्याने रुतवला आणि नाव उच्चारले, स्पष्ट, दोनदा.