भाऊजींचे ठोके माझ्या फोनवर

काळजी करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण काळजीची ड्यूटी लावून घेऊन दर तासाला तिचं रीडिंग लिहून ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो प्रताप नगरात माझ्याच इमारतीत, बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खाली राहतो. बाळांनो, हे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. तुम्ही लहान असताना नागपूरला आलात, तेव्हा गच्चीवरून विजेची तार दिसते म्हणून ज्यांनी तुम्हाला पतंग उडवू दिला नाही, तेच हे. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि इमारतीतली बाकी मंडळी त्यांना काय म्हणतात ते इथे लिहिण्याची गरज नाही. आज त्यांच्याबद्दल लिहायचं कारण असं, की गेले काही महिने मी तुमच्याशी थोडा खोटेपणा केला आहे, आणि भाऊजींना मध्ये आणल्याशिवाय तो कबूल करता येत नाही.

भाऊजींची सगळी नोकरी विजेच्या सबस्टेशनात गेली. तिथे दर तासाला उठून मीटरचे आकडे एका मोठ्या तक्त्यात भरायचे असतात. निवृत्त झाल्यावर सबस्टेशन सुटलं, तक्ता काही सुटला नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, इन्व्हर्टर किती भरला, फ्रिजमध्ये गारवा किती, सगळं ते अजून रेघा मारलेल्या कागदावर लिहितात. मी एकदा इथून तासाभरावरच्या खाप्याला लग्नाला गेले, तर तेवढ्या वाटेत त्यांचे सात फोन आले. सातव्यांदा मी जरा रागावून म्हणाले, "भाऊजी, पोचले की मी कळवीन ना!" तर म्हणाले, "पोचल्यावर काय काळजी करायची, वहिनी? काळजी तं मधातच करा लागते." माणसाचं शरीरसुद्धा त्यांच्या लेखी एक सबस्टेशनच आहे. ताप आला की लोड वाढला, चक्कर आली की लाईन ट्रिप झाली. माझा गुडघा दुखायला लागला तेव्हा त्यांनी खाली वाकून, अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "फॉल्ट लोकल आहे, का वरतून येऊन राहिला?"

अशा माणसाच्या हातात त्यांच्या मुलीने घड्याळ बांधलं. ती टोरांटोला असते, एकुलती एक. तिची आई जाऊन चार वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात भाऊजींना न्हाणीघरात चक्कर आली, आणि ही गोष्ट त्यांनी मुलीला आठ दिवसांनी, पावसाची बातमी सांगता सांगता सांगितली. झालं. मुलीने हुकूम काढला: हातातलं घड्याळ ठोके मोजेल, रोज सकाळी नऊच्या आत त्याचे आकडे तिच्याकडे पोचतील. पोचत राहिले तर बाबांनी खुशाल नागपुरात राहावं. बंद पडले तर घराला कुलूप लावून टोरांटो. ज्या माणसाला वर्धेला गेलं तरी रात्री स्वतःच्याच उशीवर डोकं टेकायचं असतं, त्याला टोरांटो! भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत धड. "वहिनी, तिथं मी कोणाले आवाज देऊ? खिडकी उघडली की बर्फ," एवढंच म्हणायचे.

घड्याळ कुरिअरने आलं. आता इथे आमच्या घराण्याची एक खोड सांगायला हवी. आमच्याकडे कोणी काही भेट आणली, तर ती आखूड पडते, ढिली होते, चालत नाही, असं आणणाऱ्याला सांगायचं नाही, अशी सासूबाईंची शिस्त होती. तुमच्या आजोबांनी एकदा भाऊजींना कोल्हापुरी चपला आणल्या, त्या बोटभर लहान निघाल्या. भाऊजी दोन वर्षं टाच बाहेर ठेवून त्या वापरत होते. विचारलं तर म्हणायचे, "टाचेले हवा लागते, बरं वाटते." तर या शिस्तीप्रमाणे त्यांनी खोकं उघडायच्या आधीच मुलीला फोन करून सांगून टाकलं, "लागलं, चालू झालं, एक नंबर आहे!" आणि मग खोकं उघडलं.

घड्याळ काही त्यांच्या फोनशी बोलेना. बटणं दाबून झाली, दोन्ही वस्तू एकमेकींवर ठेवून झाल्या, शेवटी देवासमोरही ठेवून झाल्या. मग आम्ही दोघं सीताबर्डीला एका दुकानात गेलो. दुकानातली मुलगी समजूतदार होती. तिने सांगितलं, काका, फोनांच्या ऑपरेटिंग सिस्टिम वेगवेगळ्या असतात. हे घड्याळ एका कंपनीचं आहे आणि ते फक्त त्याच कंपनीच्या फोनला जोडलं जातं. तुमचा फोन दुसऱ्या सिस्टिमचा आहे. फोन चांगलाय, घड्याळही चांगलंय, पण दोघांचं जमणार नाही. भाऊजी खिन्न होऊन म्हणाले, "म्हणजे पत्रिकाच जुळत नाही म्हणा नं." मग त्यांनी त्या कंपनीचा एक जुना, वापरलेला फोन घेतला. घरी आणला, तर घड्याळ म्हणे, फोन आधी अपडेट करा, आणि फोन म्हणे, मला आता अपडेट येत नाहीत. घराणं जुळलं तर पिढी जुळेना. नवा घ्यायचा तर त्यांच्या पेन्शनीला तो झेपणारा नव्हता, आणि मुलीला सांगायचं तर 'एक नंबर आहे' हे आधीच सांगून झालेलं. तक्त्यात त्या दिवसापुढे त्यांनी 'रीडिंग निरंक' असं लिहिलं आणि ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुमच्या बाबांनी मागच्या भेटीत मला दिलेला फोन त्याच कंपनीचा आहे, आणि नवाच आहे. अर्ध्या तासात भाऊजींचं घड्याळ माझ्या फोनला जोडलं गेलं. त्या घड्याळाच्या मते भाऊजी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाच फुटांची बाई झाले, पण त्याला इलाज नव्हता. शोध घेता घेता आम्हाला कळलं की माझा फोन ओट्याशेजारी पिठाच्या डब्यावर ठेवला, की त्याचा संपर्क जमिनीतून थेट खालच्या आरामखुर्चीपर्यंत पोचतो. डाळीच्या डब्यावर ठेवला तर नाही. का, ते विचारू नका. रोज सकाळी पावणेनऊला भाऊजी वर यायचे, माझ्या फोनवर ठोक्यांचा आलेख उघडायचे, स्वतःच्या फोनने त्याचा फोटो काढायचे आणि तो मुलीला पाठवायचे. तिच्याकडून अंगठा आला, की खुर्चीत मागे टेकायचे. "आजचा दिवस निघाला, वहिनी," म्हणायचे आणि मगच चहाला हात लावायचे. अंगठा यायला उशीर झाला, तर चहावर साय धरायची.

माझं काय झालं ते मात्र कोणी विचारलं नाही. मी आयुष्यभर वेळेवर झोपणारी बाई. आता भाजी फोडणीला टाकताना एक डोळा फोनकडे. एका दुपारी पाहते तर ठोके एकशे चोवीस! मी गॅस बंद करून, कठडा धरून खाली उतरले. भाऊजी पाटावर बसून ज्वारीच्या भाकरीशी भिवापूरच्या मिरचीचा ठेचा खात होते. डोळ्यांतून पाणी, कानशिलं लाल. "काहून धावत आल्या?" मी म्हटलं, "ठोके बघा किती झालेत!" त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि शांतपणे पुढचा घास मोडला. "हा फॉल्ट नाही, वहिनी. हा भिवापूरचा लोड आहे. उतरते आपोआप." आणि खरोखरच उतरला. माझे स्वतःचे ठोके मात्र संध्याकाळपर्यंत उतरले नाहीत.

आणि आता माझा गुन्हा. तुमच्या बाबांनी माझ्या फोनवरची सगळी तब्येतीची माहिती त्यांच्याकडे आपोआप जाईल अशी सोय करून ठेवली होती, हे मी साफ विसरले होते. एका रविवारी त्यांचा फोन आला. "आई, तू पहाटे पाच वाजता उठून अकरा हजार पावलं चालतेस? या गुडघ्यांनी?" मी म्हणायला हवं होतं की ती पावलं खालच्या मजल्यावरची आहेत. पण तुमचे बाबा आणि टोरांटोची मुलगी दर आठवड्याला बोलतात. इकडे बोललं की तिकडे कळणार, आणि भाऊजींचं तिकीट निघणार. म्हणून मी म्हणाले, "हळूहळू चालते रे." मग तुम्ही दोघांनी कागदाचं सोनेरी पदक करून, ते गळ्यात घालून मला फोटो पाठवलात, 'आमची चॅम्पियन आजी' असं लिहून. तो फोटो पाहून मला रडू आलं, ते तुम्हाला वाटलं तसल्या आनंदाचं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. भाऊजी नेहमीप्रमाणे फोटो पाठवून, चहा पिऊन खाली गेले होते. साडेअकराला तुमच्या बाबांचा फोन. आवाज चढलेला. "आई, तू आधी खाली बस."

"मी बसलेलीच आहे. शेंगा सोलतेय."

"तुझे ठोके अडतीसवर आलेत! मला इकडे अलर्ट आला. चक्कर येतेय का? श्वास लागतोय का?"

"माझे नाहीत रे ते," मी म्हणाले.

मग अगदी हळू, "आई... मग कोणाचे आहेत?"

मी फोन तसाच टाकून जिना गाठला. शेंगांची पाटी कुठे गेली मला माहीत नाही. भाऊजींनी आपल्या घराच्या तीन जादा किल्ल्या करून तिन्ही माझ्याकडेच ठेवल्या होत्या, त्यातली पहिली कुलपात फिरेना, दुसरीने दार उघडलं. आरामखुर्चीत भाऊजी घामाने चिंब, मांडीवर तक्ता. साडेदहा, एक्केचाळीस. अकरा, एकोणचाळीस. साडेअकराच्या रकान्यात अडतीस लिहिताना पेन घसरत कागदाच्या कडेपर्यंत गेलं होतं. एवढे आकडे लिहीत बसले, पण मला हाक मारली नाही! "व्होल्टेज डाऊन होऊन राहिलं, वहिनी," ते म्हणाले. समोरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, अँब्युलन्स आली. स्ट्रेचरवरून त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "पोरीले सांगू नका. घेऊन जाईल मले."

मी सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर बसून मीच तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं: चपलांपासून ते पिठाच्या डब्यापर्यंत. भाऊजींना पेसमेकर बसवला. तिसऱ्या दिवशी ती आली. वडिलांच्या पायाशी बसली, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. भाऊजी छताकडे पाहत म्हणाले, "चूक माझी आहे. वहिनीले बोलू नको. तिकीट काढलं का?"

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जे फोटो पाठवले ना, त्या प्रत्येक फोटोत वर काकूंचं नाव लिहिलेलं आहे. ठळक अक्षरात."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मी भाऊजींकडे. दर तासाचे आकडे लिहिणारा माणूस आणि डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी मी, आम्ही दोघांनी रोज आकडाच तेवढा पाहिला होता.

"म्हणजे तुले ठाऊक होतं?"

"दुसऱ्या आठवड्यापासून. आधी राग आला. मग म्हटलं, इकडे मी एकटी आकडे बघते, तिकडे बाबांच्या आकड्यांसाठी कोणीतरी रोज जागं आहे. मी बोलले असते तर तुम्ही दोघांनी लपवायचं नवीन काहीतरी काढलं असतं." ती हसली आणि मग तिला हसू आवरताच येईना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिकीट तिने काढलं नव्हतं. बाबांना न्यायचं नाही, हे ती विमानातच ठरवून आली होती.

जाण्याआधी तिने भाऊजींना त्या घराण्याचा, योग्य पिढीचा फोन घेऊन दिला. घड्याळ माझ्या फोनवरून सोडवलं आणि त्याला जोडलं. आता ठोके सरळ टोरांटोला जातात, कोणाच्या स्वयंपाकघरातून जात नाहीत. भाऊजींना पावणेनऊला वर यायचं कारण उरलेलं नाही. तरी ते कधीकधी येतात, पण बेल वाजवून येतात, पाहुण्यासारखे. तुमच्या बाबांना आता जी नऊशे पावलं दिसतात, ती माझी आहेत, म्हणून पदक तुम्ही परत घेतलंत तरी चालेल.

एवढं मात्र खरं, की कोणाचं हृदय किती वेळा धडधडतं हे मला कधी माहीत नव्हतं. तुमच्या आजोबांचंही नाही. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या माणसाचं मी कधी मोजलं नाही. आणि या चार महिन्यांत एका घाबरट मावसदिराचं मात्र मला पाठ झालं: चालताना किती, ठेचा खाताना किती, मुलीचा फोन आला की किती. आता जिन्यात भेटले की मी विचारते, "कसे आहात, भाऊजी?" ते हात वर करून म्हणतात, "एकदम ओके, वहिनी." मी बरं म्हणून दोन पायऱ्या चढते, थांबते, आणि वळून पुन्हा एकदा विचारते.